सुटे भाग, संपूर्ण मूर्ती

मराठीत 'फुटणे' आणि 'सुटणे' ही दोन क्रियापदे उच्चाराने एकमेकांच्या अगदी शेजारची असली, तरी अर्थाने त्यांच्यात केवढे तरी अंतर आहे. मडके फुटले म्हणजे संपले. गाठ सुटली तर ती पुन्हा बांधता येते. आपल्या धर्माचाराने हा भेद फार पूर्वीच ओळखलेला दिसतो. देव्हाऱ्यातील मूर्तीचे बोट जरी भंगले तरी ती पूजेस चालत नाही, तिला जलाशयाचा रस्ता दाखवावा लागतो. परंतु ज्येष्ठा गौरीचे मुखवटे, हात आणि धड ही वर्षातील तीन दिवस सोडले तर ट्रंकेत वेगवेगळी पडलेली असतात, आणि त्यामुळे गौर भंगली असे कोणाच्याही मनात येत नाही. ती फुटलेली नसते. केवळ सुटलेली असते. योग्य दिवस आला, योग्य माणसे जमली, की ती पुन्हा उभी राहते.

सुट्या भागांतून उभ्या राहणाऱ्या अशा मूर्तींचा आणि बाहुल्यांचा इतिहास हा या लेखाचा विषय आहे. तो आज आठवण्याचे एक निमित्तही आहे. परदेशी चित्रकथांतील वीरपुरुषांच्या बाहुल्या आता आपल्याकडील मुलांच्या हाती आल्या आहेत, आणि त्यांतील काही बाहुल्या दुकानात अखंड मिळतच नाहीत. एका खोक्यात एका वीराबरोबर दुसऱ्याच एखाद्या महाकाय पात्राचा हात ठेवलेला असतो, दुसऱ्या खोक्यात पाय, तिसऱ्यात मस्तक. सगळी खोकी घेतली तर ते महाकाय पात्र उभे राहते. ही कल्पना सर्वस्वी नवी, असे अनेकांना वाटते. ती तशी आहे काय, आणि नसेल तर तिच्यात नवे नेमके काय आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

हा विचार करण्यास गुंजीच्या परिसरासारखी जागा क्वचितच सापडेल. खानापूर तालुक्यातील हे गाव बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. माउली देवीचे ठाणे म्हणून ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. लोंढ्याहून तोच मार्ग कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा सारा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. घरात मराठी, पाहुण्यांत कोकणी आणि कचेरीत कानडी असा येथील कानांचा संसार आहे. मराठीतील 'बाहुली' घाट उतरताच कोकणीत 'बावली' होते, आणि पूर्वेकडे थोडे सरकले की तिला 'गोंबे' म्हणतात. नाव पालटले तरी वस्तू तीच, आणि ती तुकड्यातुकड्यांनी घडविण्याची हातोटीही या तिन्ही भाषांच्या मुलखात सारखीच आढळते.

प्रथम गौरीचाच विचार करू. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर तिचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. घाटमाथ्यावरील घरांत पितळेचे, शाडूचे किंवा रुप्याचे मुखवटे असतात. धडासाठी कोठे लोखंडी सांगाडा, कोठे धान्याने भरलेली कोथळी, कोठे डब्यांची उतरंड. हात कापडाचे, कापूस भरून शिवलेले. त्यावर लुगडे, दागिने. मराठवाड्यात आणि विदर्भात या महालक्ष्म्यांच्या शेजारी त्यांची पिल्लेही उभी करतात. कोकणात उतरावे तर तेथे तेरड्याची रोपे मुळासकट उपटून त्यांची जुडी बांधतात, आणि तिलाच गौर मानतात; काही घराण्यांत तर पाणवठ्यावरून आणलेले खडे हीच गौर. म्हणजे मूर्तीचे भाग कोणत्या पदार्थाचे असावेत याविषयी शास्त्र उदार आहे. भाग एकत्र आणणे आणि आवाहन करणे, हे मात्र चुकत नाही.

या भागांचा संग्रह एका पिढीत होत नाही. आजेसासूने घेतलेले मुखवटे, सासूने शिवलेले हात, सुनेच्या माहेरहून आलेले लुगडे, थोरल्या लेकीने पहिल्या पगारातून केलेली नथ, अशी ही मूर्ती पन्नास-साठ वर्षे जमत जाते. घर वाटले जाते तेव्हा जमिनीच्या वाटणीइतकीच नाजूक अशी दुसरी एक वाटणी समोर उभी राहते. मुखवटे कोणाकडे? अनेक घराण्यांत ते थोरल्या घरी राहतात आणि धाकट्या भावांची कुटुंबे गौरीला तेथेच जमतात. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे भाऊ त्या तीन दिवसांत एका पंगतीस बसतात, याचे श्रेय पुष्कळदा समजूतदारपणापेक्षा या विभागणी न होऊ शकणाऱ्या मूर्तीकडेच जाते. भाग वेगळे करता येतात. मूर्ती वेगळी करता येत नाही.

दक्षिण कोकणातील आणि उत्तर गोव्यातील तरंगांचे स्वरूपही असेच आहे. उंच काठीवर लुगड्यांच्या घड्या गुंडाळीत जाऊन तरंग सजतो. त्या घड्या उलगडल्या तर हाती नुसती काठी आणि कापड उरते. त्या मांडल्या की तेथे ग्रामदेवता अवतरते. पेडण्याच्या पुनवेला निघणाऱ्या रवळनाथ-भूतनाथांच्या तरंगांपुढे उभ्या असलेल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. दैवत वस्तूत आहे की जुळणीत, या प्रश्नाचे उत्तर आपल्या लोकांनी ग्रंथात न लिहिता हाताने दिले आहे.

देवाकडून खेळाकडे वळले की बाहुल्या भेटतात. सूत्राने हालणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टान्त थेट ज्ञानेश्वरीत येतो. ज्याअर्थी इ. स. १२९० मध्ये तो श्रोत्यांस विनासायास कळत होता, त्याअर्थी तशा बाहुल्या तेव्हा लोकांच्या नित्य पाहण्यातल्या असल्या पाहिजेत. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी असे तिन्ही खेळ आजपर्यंत सांभाळले आहेत. सावंतवाडी संस्थानचा त्यांस आश्रय होता. घाटावर कर्नाटकात छायाबाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक घरात मराठीचीच एक बोली बोलतात, ही गोष्ट सीमाभागातील वाचकांस विशेष वाटेल. कानडी प्रेक्षकांपुढे कानडीतून रामायण सांगणारा हा खेळिया, चूल पेटली की मराठीत बोलतो. भाषांच्या सीमा नकाशावर जितक्या ठळक दिसतात तितक्या माणसांच्या आयुष्यात त्या नसतात, याला यापेक्षा चांगले उदाहरण कोणते द्यावे?

या बाहुल्यांची घडण सांध्यांवर अवलंबून असते. खांदा, कोपर, गुडघा हे भाग वेगळे कापून दोऱ्याने जोडले की रामाचा हात धनुष्याकडे जातो. सांधा झिजला तर दोरा बदलतात, हात तोच राहतो. कोप्पळजवळच्या किन्नाळ गावचे चित्रगार लाकडी मूर्तीचे भाग स्वतंत्र कोरतात. मग तागाच्या चिंध्या भिजवून, वाळवून, कुटून त्यांत लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ घालतात, आणि त्या लगद्याने सांधे असे बुजवितात की जोड डोळ्यांस दिसू नये. एक परंपरा सांधा उघडा ठेवते, कारण बाहुली हालली पाहिजे. दुसरी तो लपविते, कारण मूर्ती अखंड भासली पाहिजे. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच ज्ञान आहे: संपूर्ण वस्तू ही भागांची बेरीज नसून त्यांच्या मेळाचे नाव आहे.

पिंगुळीच्या चित्रकथीला आपल्याकडील सर्वांत जुने 'कॉमिक' म्हणावयास हरकत नाही. कागदावर रंगविलेली चित्रे, दोन दोन पाठीस पाठ लावून चिकटविलेली, अशी एका आख्यानाची एक पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे करतो आणि वीणेच्या साथीवर प्रसंग वर्णितो. येथे भाग हरवला तर हात-पाय नव्हे, प्रसंगच हरवतो. सेतुबंधनाचे पान गेले तर वानर लंकेत पोचणार कसे? विसाव्या शतकात गरिबीपायी आणि खेळाची मागणी ओसरल्यामुळे अशा पुष्कळ पोथ्या कलावंतांच्या घरांतून बाहेर पडल्या आणि संग्रहालयांत, व्यापाऱ्यांकडे विखुरल्या गेल्या. एक पान एका शहरात भिंतीवर, दुसरे दुसऱ्या देशात पेटीत. पान सुंदर असते, म्हणून ते सुटे विकले जाते. आणि सुटे विकले गेल्यामुळेच आख्यान मुके होते. तेथे 'सुटणे' आणि 'फुटणे' यांतील अंतर नाहीसे होते. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत आपल्या घराच्या आवारात या कलांचे संग्रहालय उभारले आणि २०२१ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. पान आणि पोथी, पोथी आणि गाणारा कंठ यांची ताटातूट न होऊ देणे, हे त्या उद्योगाचे खरे मोल होय.

संग्राहकांचा विषय निघाला असता पुण्याच्या दिनकर केळकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये, बाहुल्या, चित्रकथी असे जे जमेल ते जमविले, आणि १९६२ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव त्या संग्रहालयास आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष मिळवून त्यांनी ते संग्रहालयात पुन्हा जुळविले. मोडलेल्या वाड्याचे खांब आणि तक्तपोशी विकत घेऊन महाल उभा करणाऱ्या या माणसाला एखाद्या बाहुलीच्या तुटक्या हातासाठी गावोगाव हिंडणे कमीपणाचे वाटले नसते. जमविणाऱ्यांची ही जात एकच आहे. कोणी महाल जमवितो, कोणी बाहुली.

संच पूर्ण असण्याला खेळाच्या नियमातच स्थान देणारी आपल्याकडील वस्तू म्हणजे गंजिफा. हा खेळ मोगलांबरोबर आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील आपल्या एका स्नेह्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. दक्षिणेत तिला विष्णूचे दहा अवतार भेटले आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी १२० वाटोळ्या पानांची दशावतारी गंजिफा रंगविली. प्रत्येक अवताराची बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. यांतील कूर्माची एक दुर्री हरवली तरी खेळ अडतो. एकट्या दुर्रीला किंमत नाही, आणि तिच्यावाचून ११९ पानांनाही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ विझली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ च्या सुमारास एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच कारखाना सुरू केला, म्हणून ती आज आपल्यास दिसते. त्या वेळी हरवू पाहत होते ते पान नव्हते, तर पान रंगविणारा हात होता. संचातील सर्वांत दुर्मिळ भाग पुष्कळदा माणूसच असतो.

मुलांच्या स्वतःच्या राज्यात या परंपरेचे रूप म्हणजे दिवाळीचा किल्ला. बेळगावात आणि भोवतालच्या खेड्यांत सहामाही परीक्षा आटोपली की दगड, विटा, पोती आणि लाल माती गोळा होऊ लागते. बुरुज उठतात, मोहरी-नाचणी पेरून रान उगवते. पण किल्ला म्हणजे नुसता डोंगर नव्हे. त्यावर माणसे हवीत. कुंभाराकडून किंवा बाजारातून आणलेले मातीचे मावळे, भालदार, तोफा, गवळण, वाघ आणि सिंहासनावर महाराज, हा सरंजाम एका वर्षात जमत नाही. खिशात असतील तेवढ्या पैशांत दोन मावळे येतात. पुढल्या वर्षी आणखी दोन. खानापूरची माती कुंभारकामास उत्तम म्हणून प्रसिद्ध आहे, आणि कौले, मडकी नि मूर्ती यांचा व्यवसाय तेथे जुना आहे. त्या मातीच्या मावळ्याचे नाक झडते, भाला मोडतो, तरी तो सैन्यातून बडतर्फ होत नाही. त्याला मागच्या बुरुजावर पहारा मिळतो. एका घरी महाराज असतात पण तोफ नसते, दुसऱ्या घरी दोन तोफा असतात पण महाराज नसतात. मग गल्लीचा मिळून एकच किल्ला होतो. वीरपुरुषाची मूर्ती पूर्ण करण्यासाठी भाग जमविण्याची ही आपल्या मुलांची शाळा आहे. तिची फी एकच: शेजाऱ्याशी बोलणे.

चित्रकथांतील वीर या मुलांच्या आयुष्यात आले ते १९६० नंतरच्या दशकात. टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले आणि ली फॉकचा मूळ १९३६ मधील 'फँटम' मराठी मुलांस 'वेताळ' या नावाने भेटला. हे नाव कोकण-गोव्यातील वाचकाच्या कानाला परके नव्हते. वेताळ हा तेथील कित्येक गावांचा राखणदार. त्याच्या भव्य पाषाणमूर्ती आजही पूजेत आहेत. रात्री गावाची फेरी करणाऱ्या या देवाचे नाव जंगलातील बुरखेधारी न्यायरक्षकाला मिळावे, यात भाषांतरकाराची रसिकता दिसते. पुढे १९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. पै मूळचे कारकळचे, मातृभाषा कोकणी. त्यांच्या कथांना राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी चित्रकारांचा हात लाभला. कोकणी कल्पना आणि मराठी कुंचला यांच्या या सहकार्यातून भारतातील दोन पिढ्यांची पुराणांशी ओळख झाली, याचा या दोन भाषांच्या वाचकांस अभिमान वाटावा.

कागदावरील वीर हातात यावा, ही मुलांची इच्छा मात्र आधी परदेशात पुरी झाली. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये 'जी. आय. जो' नावाचा बारा इंची सैनिक काढला. मुलगे 'डॉल' विकत घेणार नाहीत या भीतीने त्यास 'ॲक्शन फिगर' हे नवे नाव देण्यात आले. १९८२ मध्ये तोच सैनिक पावणेचार इंचांचा होऊन परतला, आणि त्याच वर्षी लॅरी हामा यांनी लिहिलेली त्याची चित्रकथा मार्व्हल प्रकाशनाने सुरू केली. १९८७ मध्ये हॅस्ब्रो आणि मद्रासची एमआरएफ यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली. तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. तिने काढलेले हे सैनिक भारतभरच्या दुकानांत गेले.

या सैनिकाची रचना पाहण्यासारखी आहे. धडाच्या पुढच्या आणि मागच्या दोन कवचांमध्ये मस्तक आणि दोन्ही हात अडकविलेले. पाय धातूच्या एका आकड्याला जोडलेले. कंबर मध्ये. आणि या सर्वांना ताणून एकत्र धरणारे रबराचे एक लहानसे काळे कडे. पाठीवरचा स्क्रू काढला की वीर सहा-सात तुकड्यांत हातावर येतो. काही वर्षांनी रबर वाळते, तुटते, आणि सैनिक कमरेतून दोन होतो. ज्याला हे कडे ठाऊक नाही तो म्हणतो, फुटला. ज्याला ठाऊक आहे तो नवे कडे घालतो आणि सैनिक पुन्हा उभा करतो. फनस्कूलने हॅस्ब्रोच्या साच्यांवर काम केले, पण रंगसंगती पुष्कळदा आपली ठेवली. कधी एका पात्राचे मस्तक दुसऱ्याच्या धडावर बसविले. १९९४ मध्ये अमेरिकेतील मूळ मालिका थांबल्यानंतरही भारतात हे सैनिक निघत राहिले. त्यामुळे ज्या विसंगतीला येथील दुकानदार विचारतही नव्हता, तिच्यासाठी परदेशी संग्राहक भारतीय सैनिक शोधू लागले. कारखान्याची काटकसर ही संग्राहकाची संपत्ती झाली.

२००५ मध्ये टॉय बिझ या कंपनीने मार्व्हलच्या पात्रांच्या मालिकेत पुढचे पाऊल टाकले. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ मध्ये निर्मिलेला, ग्रहच्या ग्रह गिळणारा 'गॅलॅक्टस' आकाराने इतका मोठा, की त्याची बाहुली एका खोक्यात मावावी कशी? कंपनीने त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा मालिकेतील एकेका वीराच्या खोक्यात घातला. या योजनेचे नाव 'बिल्ड-अ-फिगर'. २००७ पासून हॅस्ब्रोने ती पुढे चालविली. २००८ मध्ये मॅटेल कंपनीने डीसीच्या पात्रांसाठी तशीच योजना काढली आणि पहिला मान 'मेटामॉर्फो' या अंगाचे पदार्थ पालटणाऱ्या पात्रास दिला. त्याआधी १९८५ मध्ये सहा यंत्रवाहने जुळून बनणारा 'डेव्हास्टेटर' मुलांनी पाहिला होता. पण तेथील प्रत्येक वाहन स्वतंत्र खेळणे होते. गॅलॅक्टसचा सुटा पाय मात्र नुसता पायच. त्याच्याशी खेळता येत नाही. तो केवळ उणीव जाणवून देतो.

नवी गोष्ट आहे ती येथे. भागांतून मूर्ती उभी करणे नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची गौर त्याची साक्ष आहे. एका भागावाचून सारे अडणे नवे नाही. गंजिफा त्याची साक्ष आहे. नवी आहे ती उणीव मुद्दाम घडविण्याची युक्ती. गौरीचा हात उंदराने कुरतडला तर सून नवा शिवते. किल्ल्यावर महाराज नसले तर गल्ली ते आणते. मावळ्याचा भाला मोडला तर हिराची काडी पुरते. येथे उणीव काळाने किंवा दारिद्र्याने आलेली असते, आणि ती भरून काढण्याचे साधन हाताजवळ असते. व्यापाऱ्याच्या योजनेत उणीव आधी नियोजिलेली असते आणि ती भरण्याचा मार्ग एकच, पुढचे खोके. ज्या वीराची मुलास मुळीच आवड नाही, त्याच्याच खोक्यात नेमके मस्तक असते. अर्धवट राहिलेला गॅलॅक्टस कपाटावरून त्याच्याकडे पाहतो, निदान ज्याला मस्तक मिळाले आहे त्याच्याकडे तरी.

तथापि व्यापाऱ्यास सर्व दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही. कारण या योजनेवर मात करण्याची रीत मुलांनी आणि संग्राहकांनी लवकरच शोधून काढली, आणि ती आपल्या गल्लीतील किल्ल्याचीच रीत आहे. एकाजवळ दोन डावे हात, दुसऱ्याजवळ दोन धडे, अदलाबदल होते. सुटे भाग जुन्या बाजारात विकले जातात. ज्याला वीर हवा तो वीर ठेवतो आणि पाय दुसऱ्यास देतो. खोक्यांनी वेगळी केलेली माणसे त्या पायासाठी एकमेकांना शोधीत येतात. दुकानदाराने उणीव विकली. गिऱ्हाइकांनी तिच्यातून ओळखी निर्माण केल्या. अपुरेपण हे माणसाला माणसाकडे नेणारे फार जुने कारण आहे. लग्नाच्या मुहूर्तापासून शेतातल्या इरजिकीपर्यंत आपले सारे सामाजिक जीवन 'माझ्याजवळ आहे ते तुझ्याजवळ नाही' या एका वाक्यावर उभे आहे.

सीमाभागाला हा विचार विशेष लागू पडतो. ज्या मुलखाची कचेरी एका राज्यात, देवस्थान दुसऱ्यात, सोयरीक तिसऱ्यात, त्याच्या संस्कृतीचे भागही असेच वेगवेगळ्या खोक्यांत गेलेले आहेत. कळसूत्री पिंगुळीस, गंजिफा सावंतवाडीस, तरंग पेडण्यास, किन्नाळची मूर्ती कोप्पळकडे आणि मराठी बोलणारा खेळिया कानडी गावात. यांपैकी कोणताही एक भाग हाती घेऊन 'हीच आमची संपूर्ण मूर्ती' असे म्हणणे म्हणजे गॅलॅक्टसचा पाय कपाटावर मांडून समाधान मानणे होय. आणि हा भाग आमचा नाही म्हणून तो टाकून देणे, हे त्याहून वाईट. राज्यांच्या रेषा प्रशासनासाठी आखल्या गेल्या. त्यांनी हे भाग सोडविले असतील, फोडलेले नाहीत.

हे भाग जमविण्याचे काम मात्र कोणत्याही कंपनीवर सोपविता येणार नाही. आजीच्या ट्रंकेत मुखवटे आहेत, पण ते कोणी घडविले, कोथळीत कोणते धान्य घालावे, लुगड्याची पहिली घडी कोठून सुरू करावी, हे ट्रंकेत नाही. ते आजीजवळ आहे. चित्रकथीची पाने काचेआड सुखरूप आहेत, पण कोणत्या पानावर वीणेचा ठेका बदलतो हे काचेआड नाही. सैनिकाच्या पोटातील ते रबराचे काळे कडे बाहेरून दिसत नाही, किमतीने कवडीमोल, आणि तुटले की वीराचे दोन तुकडे होतात. प्रत्येक घराच्या, गावाच्या संचात असे एखादे कडे असते. बहुधा ती एखादी म्हातारी असते, एखादा कथेकरी असतो, एखादा चितारी असतो. ते कडे वाळण्यापूर्वी त्याच्याशेजारी जाऊन बसावे आणि मुखवट्याला धड कसे जोडतात ते त्याच्याकडून शिकून घ्यावे. यंदाच्या भाद्रपदात हे करता येण्यासारखे आहे.